चुन्याचा ओला ठिपका

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आणि सत्कार-समारंभांवर तर आजही नाही. दोन्हीकडे अंगी नसलेल्या गुणांचीच चर्चा फार. तरी हे लिहितोय... कारण तो ठिपका मी स्वतः पाहिला, आणि चाखलाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी निपाणीला कॉलेजात इतिहास शिकवत होतो. आक्का, माझी थोरली बहीण... तिच्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन बेळगावात दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं होतं. संध्याकाळपर्यंत दाखल व्हायचं होतं. बसचे हादरे तिला सोसत नव्हते. म्हणून माझी सेकंडहँड छोटी गाडी सकाळीच महादेवच्या गॅरेजात नेली. महादेव माझा जुना विद्यार्थी. इतिहासात नापास, इंजिनात पहिला.

त्यानं पुढचं कव्हर काढलं. आत टायमिंग बेल्ट — दातेरी रबरी पट्टा — आणि तो ज्यांवर फिरतो ते गियर. गावातल्या वखारींमधल्या तंबाखूची धूळ खाऊन वरच्या गियरचे दात पार झिजले होते.

"सर, ह्यो तवंदी घाटात पट्टा सोडतोय बघा."

बाजारातून आणलेला नवा गियर त्यानं बसवला, त्यावरची खूण इंजिनावरच्या खुणेसमोर आणली, पट्टा चढवला. त्याचे वस्ताद आप्पा अशा वेळी तंबाखू मळता मळता जुळलेल्या दातावर चुन्याचा ठिपका द्यायचे. आप्पा जाऊन वर्ष झालं होतं. त्यांची चुन्याची डबी भिंतीवरच्या त्यांच्या फोटोखाली होती, आणि महादेव तिला रोज उदबत्ती ओवाळायचा.

"डबीला हारपण घाल की रं," मी म्हटलं.

कुलूप लावून आम्ही समोर चहाला गेलो. महादेवचे हात तेलकट म्हणून किल्ली माझ्या खिशात, दार डोळ्यांसमोर. परत आलो तर नव्या गियरवर पांढरा ठिपका. खुणेच्या दातावर नव्हे — दोन दात अलीकडे.

"तूच दिलास."

"मी तुमच्यासंगट चा पीत हुतो न्हवं?"

बोट लावलं. ओला. जिभेला लावला... जीभ पोळली. चुनाच. छतातून गळावा तर छत पत्र्याचं. डबी उघडली तर आतला चुना वाळून दगड झालेला.

महादेवनं गियर उतरवला, जुन्याशेजारी ठेवला आणि शाफ्ट अडकतो त्या खाचेपासून खुणेपर्यंत दोन्हींचे दात मोजले. जुन्यात बारा. नव्यात चौदा. खूणच चुकीच्या दातावर पाडलेली होती. ठिपका बाराव्यावर.

"गाडी चालू झाली असती सर, पर कुरकुरत. मी कार्बोरेटरला शिव्या दिल्या असत्या... आन् आक्का घाटात बसून ऱ्हायल्या असत्या."

गियर परत बसवून, ठिपकाच खूण धरून पट्टा पुन्हा चढवला. घाट गाडीनं एका दमात काढला.

"जीभ का चोळतोयस रं सारखी?" आक्कानं संकेश्वरजवळ विचारलं.

ऑपरेशन नीट झालं. त्या ठिपक्याचं कोडं मात्र अजून सुटत नाही. उंदराचं काम म्हणावं, तर उंदराला बारापर्यंत मोजता यायला हवं.

आक्का घरी आल्यावर मी गॅरेजात गेलो. जाताना पानपट्टीवरून ताजा चुना घेतला आणि फोटोखालच्या डबीत भरला. महादेव बघत राहिला.

"सर, तुमी?"

"वाळला होता," मी म्हटलं.