गीझरचं पाणी आणि मिशारीचा कॉम्प्युटर

आमचा कुवेतमधला शेजारी मिशारी कॉम्प्युटरवर लग्नांच्या फिल्म जोडतो. ऑगस्टात त्याचा कॉम्प्युटर इतका तापायचा, की फिल्ममधला नवरदेव दारात पोचायच्या आतच बंद पडायचा. म्हणून त्याने तो पाण्यावर गार करायचं ठरवलं. पण गार पाणी आणायचं कुठून? कुवेतच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून नळाला चहाइतकं कढत पाणी येतं. त्यातल्या त्यात गार मिळतं ते घराच्या आत, बंद ठेवलेल्या गीझरात साठून निवलेलं. मिशारीने थेट गीझरपासून टेबलापर्यंत नळी आखली.

"आणि मी अंघोळ कशाने करू?" त्याची बायको लुलवा कडाडली. "तुझ्या डब्याच्या उष्ट्या पाण्याने?"

मी म्हटलं, "अरे बाबा, नवं पाणी लागतच नाही. तेच पाणी आत फिरतं आणि उष्णता पंख्यापाशी नेऊन टाकतं."

"पंखा कुठे टाकतो?" मिशारीने विचारलं.

"खोलीत."

"आणि खोलीतून?"

"एसी बाहेर काढतो."

मिशारी उठला आणि दिवाणखान्याच्या दारात उभा राहिला. घरातला सगळ्यात दांडगा एसी तिथे, पाहुण्यांसाठी.

"बसव तिथे," लुलवा म्हणाली, "फक्त त्याला कॉफी विचारू नकोस."

यंत्रणा बसली. भर दुपारी अख्खी फिल्म पार पडली, पण मिशारी बघत होता पारदर्शक नळीकडे.

"तेच तेच फिरून या पाण्याला कंटाळा येत नसेल?"