न विचारता पुसलेलं लिनक्स

निवृत्त झाल्यावर मी आमच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी दुसरी एक सिस्टीम, टाकलं होतं. दोन दिवस खपून, एकटीने. पुढे कीबोर्डची बटणं अडकायला लागली, म्हणून लॅपटॉप डोंबिवलीतल्या एका दुकानात दिला. परत आणला तर लिनक्स गायब.

"चालू करताना कुठली सिस्टीम हवी ते विचारत होता. फॉल्ट वाटला, काढून टाकलं," दुकानदार म्हणाला.

"मला फोन करायचा ना."

"मला वाटलं, तुमच्या मुलाने काहीतरी उद्योग केला असेल."

मला मुलगा नाही. तो उद्योग माझाच होता, हे मी त्याला सगळ्या गिऱ्हाइकांसमोर सांगितलं. तो नुसता हसला. घरी येऊन मी संध्याकाळपर्यंत लिनक्स पुन्हा टाकलं. पण त्या दुकानावरून जाताना अजूनही माझं डोकं तापतं.