ऑपरेटरबाईंचा दम

टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी शेजारीपाजारी ताईला ऑपरेटरबाईच म्हणत. जन्मभर हेडफोन लावून बोललेली बाई. आवाज कसा खणखणीत, एक अक्षर गिळायची नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिच्या मानेत गाठी आल्या. डॉक्टर लिम्फोमा म्हणाले, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. चार केमो झाल्या, गाठी विरघळल्या. सोबत राहणाऱ्या धाकट्या बहिणीचा जीव भांड्यात पडला.

पण मग एका दुपारी धाकटीच्या लक्षात आलं.

"ताई, हल्ली तू वाक्य अर्ध्यावर सोडतेस."

"सोडत नाही गं. जरा... थांबते."

ताप नव्हता, खोकला नावापुरता. जवळच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. "अशक्तपणा आहे, वय झालंय," म्हणाले. धाकटीला ते काही पटेना. ती ताईला छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"आजी, जरा चालून दाखवा," बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावत त्या म्हणाल्या.

"आजी? मला... नातवंडं नाहीत. बाई म्हणा."

व्हरांड्यात तीन फेऱ्या झाल्या. चौऱ्याण्णववरचा ऑक्सिजन पंच्याऐंशीवर उतरला आणि ताईने भिंत धरली. लगेच स्कॅन केला. दोन्ही फुप्फुसांत धुकं साचल्यासारखं दिसत होतं.

"हा जंतुसंसर्ग असेल, औषधाचा त्रास असेल, नाहीतर मूळ आजारच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "संसर्ग असूनही या वयात कधी कधी ताप येत नाही. नुसत्या अंदाजाने उपचार केले आणि चुकले, तर जिवावर बेतेल. श्वासनळीतून दुर्बीण घालून तपासायला हवं. त्यातही धोका आहे."

धाकटीचे डोळे भरून आले. "ताई, राहू दे."

"काय ते... कळू दे," ताई म्हणाली आणि सहीसाठी हात पुढे केला.

पुढचा आठवडा ताई ऑक्सिजनवर होती. धाकटी उशाशी बसून. शेवटी रिपोर्ट आले. जंतू नव्हते, कॅन्सरच्या पेशीही नव्हत्या. गाठी विरघळवणारं औषधच फुप्फुसांना बाधलं होतं. त्याचे उरलेले डोस बंद करून स्टिरॉइड सुरू केलं. महिनाभरात दम बराचसा परतला. जिना मात्र ताईला पुन्हा चढता आला नाही.

वर्षाने गाठी पुन्हा आल्या. "आता सुया पुरे," ताई म्हणाली. चार महिने घरीच होती. मग एका सकाळी शांतपणे गेली.

धाकटी डॉक्टरीणबाईंना सांगायला स्वतः गेली. "एक वर्ष जास्त मिळालं हो आम्हाला," एवढंच तिला बोलता आलं. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे सरकवली आणि बाहेरच्या पेशंटला थोडं थांबायला सांगितलं.