लवूचं रक्त

लवू परब दहिसरच्या चाळीत आई आणि थोरली बहीण यांच्यासोबत वाढला. पुढे फ्रिज दुरुस्तीत पडला. मंडळाच्या शिबिरात रक्त दिलं तेव्हा कळलं, त्याचं रक्त 'बॉम्बे' गटाचं. दहा हजारांत एखाद्याचं, आणि त्यांना एकमेकांचंच चालतं. बहिणीचं, मथुराताईचंही तेच निघालं.

रक्तपेढीच्या माधुरी मॅडमनी त्याच्या फोनवर चॅटबॉट लावून दिला. कुणाला गरज पडली की तो विचारायचा, 'येऊ शकता का?' लवू हातातलं काम टाकून 'हो' दाबायचा.

फेब्रुवारीत मुलुंडच्या एका बाळंतिणीला त्याने रक्त दिलं. त्यानंतर अडतिसाव्या दिवशी ताईला अंगावरून जायला लागलं ते थांबेना. बोरिवलीच्या हॉस्पिटलात नेलं. लवूने बाही वर केली, पण डॉक्टरांनी आधी त्याचं हिमोग्लोबिन बघितलं. साडेदहा, लागतं साडेबारा.

"तुमचं नाही घेता येणार. नव्वद दिवसही झाले नाहीत."

"घ्या ना. सही करून देतो."

"सहीने रक्त वाढतं का?"

मग त्याने चॅटबॉटकडे पहिल्यांदाच काही मागितलं. सात जणांना निरोप गेले. तिघांनी नुकतंच दिलं होतं, एक दुबईला, दोघांचं उत्तरच नाही. सातवा, सम्यक, कोल्हापूरहून लगेच निघाला. तो दुपारी पोचला. ताई सकाळीच गेली होती. तो लवूजवळ बाकावर बसून राहिला.

बाराव्याला श्यामकांत भावोजींनी विचारलं, "कोणाक दिलंस ता रगात?"

"नाव सांगत नाहीत, भावोजी."

"ता माझ्या बायलेचा होता." त्यानंतर ते लवूशी बोलले नाहीत.

जूनमध्ये पुन्हा विचारणा आली. घाटकोपर, अपघात. लवूने फोन पालथा घातला. चहा केला, तो तसाच निवला. पाऊण तासाने त्याने 'हो' दाबलं आणि शर्ट चढवला.

आई दारात बसली होती. "खय चललंस?"

"रक्त द्यायला."

"उद्या तुका लागला तर कोण देतला? ती तर गेली."

आईने वाट दिली नाही, तेव्हा तो तिला ओलांडून बाहेर पडला. रक्तपेढीत त्याची नस सापडायला वेळ लागला.