ऑफिससाठी एक पान

वाघोले साहेब क्रेटच्या थप्पीवर पडले, तेव्हा सायरन वाजतच होता. मी त्यांना ढकललं होतं. दोन्ही हातांनी, छातीवर. समोर परदेशी खरेदीदाराची तीन माणसं उभी होती आणि सॉर्टिंगच्या चाळीस बायका हातातले घड तसेच धरून बघत होत्या.

आळेफाट्याजवळच्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये मी परचेस ऑफिसर होते. पॅकहाऊस म्हणजे बागेतून आलेला माल जिथे निवडतात, खोक्यात भरतात, थंड करतात आणि कंटेनरमध्ये चढवतात. परचेस ऑफिसर म्हणजे बागेत जाऊन माल पसंत करणारा आणि शेतकऱ्याशी भाव ठरवणारा माणूस. माणूस म्हणते, कारण या कामात माझ्याशिवाय दुसरी बाई मी पाहिली नाही. मी विरळणीच्या मजुरीवर सुरुवात केली. विरळणी म्हणजे घडातले जास्तीचे मणी कात्रीने काढणं. तिथून सॉर्टिंगला आले, तिथून सुपरवायझर, तिथून बागेत. कुणी हात धरून नेलं नाही.

सायरन नव्या कन्व्हेयरबरोबर, म्हणजे माल पुढे नेणाऱ्या पट्ट्याबरोबर, आला होता. लाईन थांबली की तो वाजायचा. दिवसातून तीस-चाळीस वेळा. बाकीच्यांना चार दिवसांत सवय झाली. मला दोन वर्षांत झाली नाही. दाताच्या डॉक्टरचं मशीन नसेला लागावं, तसा तो लागायचा. मी दोनदा लेखी अर्ज दिला. वाघोले साहेब प्लांट मॅनेजर. ते म्हणाले, "सगळ्यांना चालतं. तुम्हालाच काय होतं?"

त्या दिवशी सायरन चालू असताना त्यांनी मागून येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. पाहुण्यांना म्हणाले, "आणि ह्या आमच्या..." पुढचं मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी केबिनमध्ये बोलावलं.

"संतापी आहात हे माहीत होतं. पण हे फार झालं. डॉक्टरचा दाखला आणा. फिट असाल तर सीझनला बागेत. नाहीतर बघू."

"नाहीतर काय?"

"बघू."

सीझन तीन आठवड्यांवर होता. बाग गेली तर माझ्याकडे काही उरत नव्हतं. नवऱ्याने लग्नाच्या दुसऱ्या वर्षी 'ही बाई नव्हं, दगड हाय' म्हणून मला माहेरी आणून सोडलं होतं. तेव्हापासून मी आणि आई. मला ओळख होती ती बागेत. येडगावला, नारायणगावला बांधावर गाडी थांबली की लोक म्हणत, ताई आल्या, आता खरं काय ते कळेल.

रक्तदाबाच्या गोळ्या देणाऱ्या आमच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुण्याच्या एका सायकॉलॉजिस्टची चिठ्ठी दिली. मला वाटलं एका भेटीत दाखला मिळेल. चार भेटी लागल्या.

पुण्याच्या या डॉक्टर मॅडम माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असतील. पहिल्या भेटीत म्हणाल्या, "तुम्ही भाव करता. समोरचा खोटं बोलतोय हे कसं ओळखता?"

"पाय बघते."

"पाय का?"

मग मी त्यांना वही दाखवली. वीस वर्षांची वही आहे. माणसाच्या तोंडावरचं मला वाचता येत नाही, हे मला विशीतच कळलं होतं. हसणारा माणूस राजी आहे की टोमणा मारतोय, मला समजायचं नाही. म्हणून मी पाय बघायला शिकले. सौदा पटत आला की शेतकऱ्याचा एक पाय घराकडे वळतो, चहा सांगायला. चिडला की तो टाच रुतवतो. फवारणीची तारीख खोटी सांगताना चपलेतला अंगठा हलतो. असे एकतीस नियम आहेत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही. 'ताई, काय भाव देणार?' म्हटलं की 'पाणी कधी दिलं होतं?' असं विचारायचं. दुसरा चहा आल्याशिवाय आकडा तोंडातून काढायचा नाही. लोक मला चलाख म्हणायचे. चलाखी कसली? पाठांतर होतं.

मॅडम सगळं लिहून घेत होत्या. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत वही बघायला कुणी मागितली नव्हती.

तिसऱ्या भेटीला त्यांनी आईला आणायला सांगितलं. आई पारगावहून पुण्याला निघाली ती डोक्यावर पदर घट्ट धरूनच. देवळात बसावं तशी खुर्चीच्या टोकाला बसली.

"आजी, ही लहानपणी कशी होती?"

"पाच वर्साची व्हईपर्यंत बोलली न्हाई. मंग बोलली ती एकदम मोठ्या माणसावानी."

"खेळायची?"

"खेळायची कुटं? चिंचोकं वळीनं लावायची. कुनी एक हलवला तर भितीवर डोकं आपटायची."

"मग तुम्ही काय करत होता?"

"हाणायची." आई थांबली नाही. "लई हाणलं. लग्नात वाजाप आलं की वरडायची, कान दाबून जिमिनीवर लोळायची. लोक हसायचं. मंग तिला गोठ्यात कोंडून आमी जेवाया जायचो. माजलीया, असं वाटायचं." मग तिने विचारलं, "ते दुखनं व्हतं व्हय?"

"दुखणं नाही, आजी. पण आवाज तिला खरोखर दुखत होता."

परतीच्या एसटीत आई खिडकीकडे तोंड करून बसली. मंचरला उतरताना म्हणाली, "कुनी सांगितलंच न्हाई गं." मला गोठ्याचं दार आठवत होतं. त्याला कडी फक्त बाहेरून होती.

चौथ्या भेटीत मॅडमनी सरळ सांगितलं, "तुम्ही ऑटिस्टिक आहात."

मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. मेंदूची घडण जन्मापासून वेगळी असते. आवाज, स्पर्श जास्त लागतो. लोकांचे हावभाव, बोलण्यामागचा हेतू आपोआप कळत नाही, तो शिकावा लागतो. गोळी नाही, कारण हा आजार नाही. त्या म्हणाल्या, बायकांचं बऱ्याचदा उशिरा लक्षात येतं. त्या नियम पाठ करून निभावून नेतात.

"स्वमग्न?" मी म्हटलं. "मी जन्मभर दुसऱ्यांचे पाय बघत आले. स्वतःत मग्न व्हायला मला वेळ कधी होता?"

"शब्द बरोबर नाही, मान्य आहे. निदान बरोबर आहे."

मग मी भाव करायला बसले. दुसरं मला येतच नव्हतं.

"नुसतं टेन्शन लिहा. टेन्शन आमच्याकडे चालतं."

"नाही."

"बरं, झोप होत नाही म्हणा. कामाचा ताण."

"ताई, यात मागेपुढे काही नाही. जे आहे ते आहे."

त्यांचे पाय मी पाहिले. दोन्ही सरळ, जमिनीवर, शांत. एवढी पक्की पार्टी मला बागेत कधी भेटली नाही.

त्यांनी दोन गोष्टी हातात दिल्या. एक चौदा पानांचा रिपोर्ट. आणि वेगळं एक पान: कामासाठी योग्य आहेत, मोठा सततचा आवाज टाळावा, न सांगता स्पर्श करू नये. म्हणाल्या, "हे पान ऑफिससाठी."

बाकीची पानं ऑफिससाठी नाहीत, असं त्या म्हणाल्या नाहीत.

मी वाघोले साहेबांकडे ते एक पान नेलं. त्यांनी ते उलटसुलट केलं. "एवढंच? सगळे कागद जोडा. फाईलला लागतात."

मी सगळे जोडले. चौदाच्या चौदा.

सौद्यात आपला शेवटचा आकडा कुणी आधी उघडा करत नाही. मी मजुरांच्या पोरींनाही हे शिकवलंय. पण बागेत माझ्याकडे नियम होते, आणि ऑफिसचा एकही नव्हता. ऑफिसात कुणी मागितलं की मी देते. विचारलं की सांगते. का मागतात, ते मला घरी गेल्यावर कळतं. हेसुद्धा रिपोर्टमध्ये लिहिलेलं होतं, सहाव्या पानावर.

आठवड्याने त्यांनी बोलावलं. त्यांच्या टेबलाला पुढून फळी आहे. पाय दिसत नाहीत.

"ताई, आम्ही सगळं वाचलं. वाईट वाटलं. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून लेबल रूम देतोय. पगार तोच. शांत जागा आहे."

"दाखल्यात योग्य आहे लिहिलंय."

"योग्यच आहात. पण शेतकऱ्यांशी बोलायचं म्हणजे हावभाव कळायला हवेत ना? रिपोर्टच सांगतो."

"वीस वर्षं मीच माल घेतला."

"म्हणूनच तर. आता जरा आराम करा."

मी ओरडले. टेबलावर हात आपटला. ते शेजारच्या क्लार्ककडे बघून हळू म्हणाले, "बघितलं?" आणि क्लार्कने मान हलवली. माझा राग कालपर्यंत स्वभाव होता. आता तो लक्षण झाला होता.

लेबल रूम कोल्ड स्टोअरच्या मागे आहे, दोन जाड दारांच्या आत. तिथे खोक्यांवर चिकटवायचे स्टिकर छापतात: बागेचा नंबर, तारीख, वजन. खरोखर शांत जागा. सायरन तिथे पोचत नाही. तो प्लांटमध्ये वाजतच होता. सायरन हलवण्यापेक्षा मला हलवणं सोपं होतं.

सीझन सुरू झाला. माझ्या जागी निलेश बागेत जाऊ लागला. शेतकी पदवीचा, नम्र मुलगा. पंधरा दिवसांनी मला येडगावच्या बबनरावांचा फोन आला. नऊ वर्षं ते मलाच माल देत होते. 'ताई, तुमी लई वंगाळ बोलता, पर खरं बोलता,' असं मला तोंडावर म्हणणारा माणूस.

"ताई, तुमी का न्हाई आला?"

"मला आत घेतलंय."

"बरं. ते पोरगं धाडलंय ते कसलं हाय, राव? सारखं माज्या पायाकडं बघतंय. मला वाटलं चपलंला शेण लागलंय. दोनदा पुसली."

"आणखी काय करतं?"

"म्या भाव इचारला तर म्हणतंय, पाणी कवा दिलं. पयला चा पिऊन गप बसून ऱ्हायलं. दुसरा आणला तवा आकडा बोललं. आमची मालकीण म्हणती, ह्ये तर ताईचं सोंग करतंय."

मी फोन ठेवला. संध्याकाळी निलेश स्टिकर न्यायला आला, तेव्हा त्याला विचारलं. त्याने काहीच लपवलं नाही. पाकिटातून घडी घातलेला झेरॉक्स काढला.

"ट्रेनिंगला सगळ्यांना दिलाय, मॅडम. फील्डच्या टिप्स. लई कामाच्या आहेत."

रिपोर्टचं नववं पान होतं. वरची माझ्या नावाची आणि डॉक्टरांची ओळ झेरॉक्स करताना झाकली होती. खाली डॉक्टर मॅडमच्या भाषेत माझे नियम. पाय, पाणी, दुसरा चहा. निलेशने कडेला पेनाने खुणा केल्या होत्या.

"हे कुणाचं आहे, माहीत आहे?"

"नाही. साहेबांनी कुठून तरी मिळवलं असेल."

मी तो झेरॉक्स ठेवून घेतला आणि वाघोले साहेबांकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसमध्ये माझं पारडं जड होतं. माझा वैद्यकीय कागद त्यांनी वाटला होता, आणि ते त्यांना कळत होतं. झेरॉक्स दाखवल्यावर ते उठून दार लावून आले.

"बसा ताई. चहा घेता?"

"नको."

"तुम्हाला नक्की काय पाहिजे?"

"बाग परत पाहिजे. आणि सायरन बंद पाहिजे. नाहीतर हा कागद मी लेबर ऑफिसला नेते."

ते परत आपल्या खुर्चीत जाऊन बसले. फळीमागे पाय काय करत होते, देव जाणे. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "दोन्ही एकदम कसं जमेल? बागेचं हेड ऑफिसला विचारावं लागतं. मला एवढंच सांगा, यातलं जास्त त्रासाचं काय?"

"सायरन," मी म्हटलं.

विचारलं, म्हणून खरं ते सांगितलं.

"झालं तर मग." त्यांनी माझ्यासमोरच इलेक्ट्रिशियनला फोन लावला. उद्याच्या उद्या सायरन काढून दिवा बसवायला सांगितलं. मग हात जोडून उभे राहिले. "तुमची मुख्य अडचण मिटली. आता बाकीचं ताणू नका." मी केबिनच्या बाहेर आले आणि पॅसेजमध्ये मला कळलं, मी काय विकून बसले.

झेरॉक्स त्यांनी मागितला होता. तो मात्र दिला नाही. तो घेऊन मी नंतर खरंच लेबर ऑफिसला गेले. तिथल्या साहेबांनी कागदावर नाव कुठे आहे, ते विचारलं. नाव झाकलेलंच होतं, आणि नाव असलेला मूळ रिपोर्ट वाघोले साहेबांच्या फाईलला होता.

आता प्लांटमध्ये लाईन थांबली की पिवळा दिवा फिरतो. सॉर्टिंगच्या बायका खूष आहेत. त्यातली एक परवा म्हणाली, "कुनी काढला कोन जाणे, पर डोकं हलकं झालं बाई." मी दोन दारांच्या आत स्टिकर छापते. बबनरावांच्या बागेचा नंबर मला पाठ आहे. या वर्षी त्यांच्या नंबराचे स्टिकर कमी निघाले. त्यांनी अर्धा माल दुसरीकडे दिला.

वहीत मी दोन नियम वाढवले. बत्तिसावा: कागद मागितला की कोणता, कशाला आणि कितवं पान, ते आधी विचारायचं. तेहेतिसावा: दोन मागण्यांतली मोठी कोणती, हे सांगायचं नाही. दोन्ही ऑफिसचे आहेत. वीस वर्षं उशिरा लिहिले.

वही आता माझ्याकडे नसते. आईने ती तिच्या पत्र्याच्या पेटीत ठेवलीय आणि किल्ली कमरेला लावलीय. तिला वाचता येत नाही.