हिने झोप येते हं!

एक्स्पायरीचा माल दर तीन महिन्यांनी काढून टाकते मी. किस्से मात्र साठतच जातात.

खोपटला डेपोसमोर आमचं मेडिकल आहे. सतरा वर्षं काउंटरला उभी आहे. सर्दी-अंगदुखीची गोळी कुणी मागितली की माझं ठरलेलं वाक्य, "हिने झोप येते हं. दुसरं औषध चालू आहे का?" दिवसातून तीस वेळा! ऐकतं कोण?

परवा एक एसटी ड्रायव्हर आलेला. माझं वाक्य ऐकून गोळी परत केली बिचाऱ्याने. "नको मॅडम, नाशिकची गाडी आहे."

मागून कंडक्टरने हात पुढे केला. "मला द्या. स्टिअरिंग याच्याकडे आहे!"

*

एकजण कपाळ धरून आला. गोळी देताना म्हटलं, "हिच्यावर दारू चालत नाही. आज प्यायची नाही."

"आज कुठे? कालचीच दुखतेय ना!"

*

देशपांडेबाई, रिटायर्ड मुख्याध्यापिका. एक सर्दीची गोळी, एक तापाची, एक शेजारणीने दिलेली. तिन्हींत तेच पॅरासिटामॉल. मी पाकिटं उलटी करून बारीक अक्षरं वाचून दाखवली.

"अगं, पण रंग तिन्हींचे वेगळे आहेत!" म्हणाल्या. वर मलाच चष्म्याचा नंबर तपासायला सांगितला.

*

आणि गायकवाडकाका. मागच्या चाळीत राहतात, घरात ते आणि काकू, दोघंच. महिनाभर दर सोमवारी सर्दीच्या गोळीची स्ट्रिप नेत होते. शेवटी विचारलं, "काका, इतकी सर्दी कुणाला?"

"कुणालाच नाही. तुम्हीच म्हणता ना, झोप येते. हिला देतो दुपारी."

काकूंना विसरायचा आजार. डॉक्टरांची झोपेची गोळी आधीच चालू, ती माझ्याच दुकानातून जाते.

"अहो काका, दोन्ही गोळ्या एकत्र घेऊन पडतील त्या! डोकं अजून गोंधळेल. आजपासून बंद. उद्या डॉक्टरांकडे जा, मी चिठ्ठी लिहून देते."

"मागच्या आठवड्यात पडली मोरीत," काका हळूच म्हणाले. "मला वाटलं, म्हातारपण."

स्ट्रिप त्यांनी काउंटरवर ठेवली. पण हलले नाहीत.

"चार वाजले की दारात जाऊन उभी राहते. संजू शाळेतून यायची वेळ झाली म्हणते. संजूला जाऊन वीस वर्षं झाली, मॅडम."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन वाजलेले.

"बरं, नाही देत. मग आज काय सांगू तिला?"