बिनदुधाचा चहा, फाइन

किटली उकळून टक् करून बंद झाली. रॉननी दोन मगांत टी-बॅग टाकल्या, पाणी ओतलं, एक थेंब बाहेर सांडला नाही. मग माझ्याकडे वळून सकाळपासून चौथ्यांदा म्हणाले, "आय ॲम फाइन, लव्ह."

लव्ह म्हणजे मी. गैरसमज नको. इकडचे, म्हणजे लंडनचे, आजोबा नर्सला, बस ड्रायव्हरला आणि वेळ पडली तर पार्किंगच्या मशीनलाही लव्ह म्हणतात.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. पेशंट घरी गेल्यावर आपलं आपण करू शकेल का, हे बघायचं माझं काम. त्यासाठी आमच्या हॉस्पिटलात एक छोटं किचन आहे. घरी सोडण्याआधी पेशंटने तिथे चहा करून दाखवायचा. ह्याला म्हणतात किचन असेसमेंट. किटली उचलता येते का, क्रम लक्षात राहतो का, तोल जातो का, सगळं एका चहात कळतं. नागपूरला माझ्या आईला हे अजून पटलेलं नाही. "काहून गं, लोकांच्या हातचा चहा प्यायला पगार देतात तुला?" देतात, आणि कमी देतात. ह्या नोकरीत मी जेवढा फिक्का चहा प्यायले तेवढ्यात आमचं निम्मं हॅरो उपनगर आंघोळ करेल आणि वर भांडी घासायला उरेल.

चहाच्या खालोखाल मी काही पचवलं असेल तर 'फाइन' हा शब्द. ऊन पडलं की हवा फाइन. पीठ बारीक दळलं की फाइन. गाडी चुकीच्या जागी लावली की दंडालाही फाइन. "मदत करू का?" विचारलं आणि "फाइन" आलं, की समजायचं, नको. आणि तब्येत तर कायमच फाइन. एका बाईंचा पाय गुडघ्यातून असा फिरला होता की तोंड माझ्याकडे आणि पाऊल दाराकडे. म्हणाल्या, "फाइन, जरा आखडलाय." खोटं वाटत असेल तर वाटू दे. मी तिथे होते.

तर रॉन. वय एकोणऐंशी, आयुष्यभर बस चालवलेली. छातीत इन्फेक्शन झालं म्हणून ॲडमिट झालेले, आता छाती साफ. घरी बायको मॉरीन. तिची नजर जवळजवळ गेलेली, तिचं सगळं हेच करत. हे इथे आले तेव्हा तिला एका केअर होममध्ये तात्पुरतं ठेवलं होतं, ते शुक्रवारपर्यंत. आज गुरुवार. रॉन घरी गेले नाहीत तर मॉरीनला कुठे हलवतील कोणास ठाऊक, आणि एकदा तिकडे गेलेलं माणूस घरी परत येत नाही, ही रॉनची भीती.

त्यांनी टी-बॅग काढल्या. समोर बघितलं, उजवीकडे बघितलं. मग खांदे उडवले.

"दूध संपलंय वाटतं. नो मॅटर. ब्लॅक इज फाइन."

माझं पेन थांबलं. पाय उलटा फिरला तरी हे लोक फाइन म्हणतील. पण बिनदुधाच्या चहाला? जन्मभर बस चालवलेला इंग्रज?

दुधाचा जग त्यांच्या डाव्या कोपरापासून वीतभर अंतरावर होता.

मी बशीत चार बिस्किटं मांडून समोर सरकवली. त्यांनी उजवीकडची दोन खाल्ली आणि बशी मागे सारली. आता मला बाकीचंही दिसायला लागलं. कार्डिगनची डावी बाही नुसती लोंबत होती. डाव्या गालावर दाढीचे खुंट, उजवा गाल गुळगुळीत. वॉर्डात सगळ्यांना वाटलं होतं, घरी जायची घाई.

ह्याला आम्ही नेग्लेक्ट म्हणतो. डोळे ठीक असतात, मेंदू मात्र जगाची एक बाजू हिशेबातच धरत नाही.

तेवढ्यात दारात ट्रिश. ट्रिश आमची बेड मॅनेजर. कुठली खाट कधी रिकामी होणार हे तिच्याइतकं यमालाही ठाऊक नसेल.

"ही इज फाइन टू गो, येस? दोन वाजता ट्रान्सपोर्ट आहे."

"नाही. स्कॅन हवा."

"कशासाठी?"

"दूध घेतलं नाही."

ट्रिशने माझ्याकडे असं बघितलं, जणू मलाच ॲडमिट करावं लागणार.

मी वॉर्डातल्या डॉक्टरला फोन लावला. केतकी, पुण्याची, नवीन. "वैशालीताई, अगं रेडिओलॉजीवाले माझं डोकं खातील! काय सांगू त्यांना, बिस्किटं उरली?"

"हो. डावीकडची, असं सांग."

 "आलेच," ती म्हणाली.

ट्रिश गेल्यावर रॉननी माझा हात धरला. "प्लीज, लव्ह. फॉर्मवर फाइन लिही. उद्या शुक्रवार आहे."

"तुम्ही कुठे पडला होतात का?"

त्यांनी मग बाजूला सारला. "बागेत. महिना झाला असेल. डोकं जरा आपटलं. मॉरीनला बोललो नाही, ती घाबरते."

"घरी शेगडी गॅसची?"

"हो."

"डावीकडचा बर्नर चालू राहिला तर तुम्हाला दिसणार नाही, रॉन. डावीकडचं काहीच दिसत नाहीये तुम्हाला."

मी जग उचलून त्यांच्या उजवीकडे ठेवला. ते त्याच्याकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "सोफ्यावर मॉरीन माझ्या डाव्या बाजूला बसते."

आणि वॉर्डातून आणलेल्या व्हीलचेअरमध्ये बसून स्वतःच उजवा ब्रेक सोडला, स्कॅनला जायला. डावा मी सोडला.

स्कॅनमध्ये कवटीच्या आत साचलेलं जुनं रक्त दिसलं, मेंदूच्या उजव्या बाजूला दाबणारं. उजवा मेंदू डावी बाजू सांभाळतो, म्हणून हा सगळा घोटाळा. त्याच संध्याकाळी त्यांना मोठ्या हॉस्पिटलला हलवलं. तिथे सर्जननी कवटीला छोटं भोक पाडून ते रक्त काढलं. इकडे मी मॉरीनची केअर होममधली मुदत वाढवून घेतली. त्यासाठी सोशल वर्करला इतके फोन केले की तिच्या नवऱ्याला माझा आवाज पाठ झाला.

तीन आठवड्यांनी रॉन पुन्हा माझ्या किचनमध्ये. दोन्ही गाल गुळगुळीत, दोन्ही बाह्यांत हात. ह्या वेळी मॉरीनलाही बोलावलं होतं आणि मुद्दाम त्यांच्या डावीकडे बसवलं होतं. त्यांनी चहा केला, डावीकडून दूध घेतलं, पहिला मग मॉरीनच्या हातात नीट धरवून दिला.

ह्या खुशीत मी ईलिंग रोडवरच्या देशी दुकानातून आणलेलं आलं आणि चहापत्ती काढली, दणदणीत उकळी आणली आणि रॉनना आपला चहा पाजला. त्यांनी एक घोट घेतला. चेहरा वाकडा झाला, दोन्ही बाजूंनी सारखाच.

"दॅट्स टेरिबल, लव्ह."

मी फॉर्मवर सही केली.

तेव्हापासून नव्या मुलींना शिकवते: पेशंट काय म्हणाला ते मागाहून लिहा, आधी दूध डावीकडे ठेवा.